गणपत गल्लीत 200 एमएम, आणि तेही ब्लॅक अँड व्हाइट

रस्त्यावरचे फोटो काढायचे तर 28 नाहीतर 35 ची लेन्स लाव, माणसाच्या अगदी जवळ जा, लांबून काढलेला फोटो म्हणजे चोरून काढलेला फोटो, हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता एकदा बसून सविस्तर लिहूनच टाकतो. मी बेळगावात राहतो, इथल्याच गल्ल्यांतले, बाजारातले, मिरवणुकीतले फोटो काढतो, सगळे ब्लॅक अँड व्हाइट, आणि बहुतेक 135 नाहीतर 200 ने, पाऊस असला की 70-300 ने. हे आकडे लेन्सच्या एमएममधल्या फोकल लेन्थचे, आकडा जितका मोठा तितकी लेन्स लांबचं मोठं करून दाखवते, म्हणून 135 च्या पुढच्यांना मी लांब लेन्स म्हणतो. माझं म्हणणं सरळ आहे. आमच्या गल्लीत लांब लेन्स घेऊन उभारलेला माणूस लपूच शकत नाही, उलट तोच सगळ्यांना आधी दिसतो.

कसं ते सांगतो. छोट्या लेन्सवाला चालत असतो, चालता चालता दोन पावलांवर येतो, खटकन काढतो आणि पुढं जातो, समोरच्याला कळेपर्यंत तो पुढच्या कोपऱ्यावर पोचलेला असतो. 200 ला तसं चालत नाही. 200 ला पुढं पन्नासएक फूट मोकळी नजर लागते, आणि बाजाराच्या गल्लीत ती कुठनं मिळते ते हुडकावं लागतं, मिळाली की तिथंच ठाण मांडावं लागतं, अर्धा तास, तास, कधी त्याच्या वर. एवढा वेळ एका बंद दुकानाच्या पायरीवर उभारलं की शेजारचा दुकानदार बघतो, त्याच्याकडचा पोरगा बघतो, चहावाला किटली घेऊन पुढनं जातो आणि परत येताना थांबून विचारतोच, "काय काढालायस रे?" मग त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दाखवायचं. त्यात त्याच्याच ओळखीचा कोणतरी निघतो, मग तो त्याला हाक मारतो, मग तो येतो, आणि थोड्या वेळात त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं की हा इथं उभा राहून फोटो काढतोय. पुढच्या वेळी गेलं की कोणी वळूनसुद्धा बघत नाही. लोक सहज वावरतात ते ह्या ओळखीमुळे, लेन्स लांब आहे म्हणून नाही, आणि ही ओळख लांब लेन्समुळेच झालेली असते कारण तिने एका जागी थांबायला लावलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

गणपत गल्ली ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, नरगुंदकर भावे चौक, मारुती गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड, रविवार पेठ ह्या सगळ्या भागात बेळगावचा जुना बाजार पसरलाय, आणि गणपत गल्ली त्याच्या मधोमध. दोन्ही बाजूला कापड, भांडी, पूजेचं सामान, आणि दुकानांच्या पुढं रस्त्यावर बसलेल्या भाजीवाल्या, फुलवाल्या, फळांच्या गाड्या. आसपासच्या खेड्यांतनं सकाळी बायका मेथी, कोथिंबीर, मुळे घेऊन येतात. कोण मराठी बोलणारी, कोण कन्नड, बहुतेक दोन्ही. मी लेन्स दाखवून मानेनं विचारलं तर एखादी "ब्याड्री" म्हणून पदर तोंडावर घेते, मग विषय संपला, लेन्स खाली. एखादी "तगीरी तगीरी", म्हणजे काढा काढा, म्हणते आणि लगेच ताठ बसते, मग तिचा तसाच एक काढायचा आणि दाखवायचा, तो फोटो कामाचा नसतो पण तो काढल्याशिवाय पुढचा कामाचा फोटो मिळत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, लांब लेन्सने फोटोत नेमकं काय होतं. लोक म्हणतात टेलिफोटो, म्हणजे हीच लांब लेन्स, मागचं पुढं ओढून आणते, गर्दी दाबून दाखवते. खरं म्हणजे लेन्स काहीच ओढत नाही, तुम्ही लांब उभे असता म्हणून तसं दिसतं. हिशोब करून बघा. 28 घेऊन मी एका माणसापासून 6 फुटांवर उभा आहे आणि त्याच्या मागं 10 फुटांवर दुसरा माणूस आहे, म्हणजे माझ्यापासून 16 फूट. फोटोत मागचा माणूस पुढच्याच्या निम्म्याहूनही लहान येणार. आता मी मागं सरकून 50 फुटांवर गेलो आणि 200 लावली. दोघांतलं अंतर तेच 10 फूट, पण आता एक 50 वर आणि दुसरा 60 वर, म्हणजे मागचा पुढच्याच्या सहा भागांतले पाच भाग एवढा दिसणार, जवळपास बरोबरीचा. दोघंही मोठे, दोघंही फ्रेमचे धनी. छोट्या लेन्सच्या फोटोत एक नायक असतो आणि बाकीचे मागं बारीक बारीक. 200 च्या फोटोत भाजीवाली, तिच्यामागचा हमाल, त्याच्यामागं सायकल ढकलणारा, त्याच्यामागं दुकानाच्या पायरीवरची म्हातारी, सगळे एका मापाचे येतात. आमच्या बाजारात गेल्यावर मला तसंच वाटतं, इथं कोण पुढं कोण मागं असं काही नसतं, सगळे एकमेकांच्या अंगावर. म्हणून मला 200 चा फोटो जास्त खरा वाटतो.

ह्याच कारणाने मला आंद्रेआस फाइनिंगर फार जवळचा वाटतो. मूळचा आर्किटेक्ट, पुढं 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर झाला, 1943 ते 1962 तिथं होता. त्याने 1940 च्या दशकात स्वतः जोडून बनवलेल्या टेलिफोटो कॅमेऱ्याने न्यूयॉर्क काढलं, 40 इंची लेन्स, म्हणजे 1000 एमएम. नदीपलीकडनं, न्यू जर्सीच्या बाजूनं काढलेल्या त्याच्या फोटोंत मॅनहॅटनच्या इमारती बोटींच्या मागं भिंतीसारख्या उभ्या राहतात, आणि फिफ्थ अव्हेन्यूच्या गर्दीचा त्याचा फोटो बघितला तर माणसं, मोटारी सगळं एकावर एक रचल्यासारखं. त्याचं म्हणणं असं होतं की लांबून बघितल्यावरच वस्तूंची एकमेकांशी खरी मापं कळतात, जवळनं बघितलं की जवळची वस्तू उगाच मोठी होऊन बसते. गणपत गल्लीतला तास-दीड तास मला दर वेळी हेच पटवून देतो.

दुसरा फोटोग्राफर सॉल लायटर. त्याचं नाव झालं ते रंगीत फोटोंमुळे, पण त्याने ब्लॅक अँड व्हाइटही खूप काढले, आणि न्यूयॉर्कच्या आपल्याच वस्तीत फिरताना तो लांब लेन्सेस सर्रास वापरायचा. काचेतनं, छत्रीच्या कडेनं, कोणाच्या तरी खांद्याआडून काढलेले फोटो. त्याच्याकडनं मी शिकलो ते एवढंच की पुढं आडवं आलेलं टाळायचं नाही. आमच्याकडं आडवं येणाऱ्याला काय तोटा! दुचाकी, छत्री, डोक्यावरची बुट्टी, दुकानाबाहेर टांगलेल्या पिशव्या. 200 ला पुढचं सगळं विरघळतं, काळा नाहीतर करडा डाग होतो आणि त्या डागांच्या फटीतनं मधला एक माणूस लख्ख दिसतो. हे जमायला आकडे डोक्यात ठेवावे लागतात. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, 50 फुटांवर, 200 ची फ्रेम आडवी 9 फूट आणि उंचीला 6 फूट. लेन्सचं छिद्र एफ/4 ला ठेवलं (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक) तर शार्प पट्टा साधारण साडेचार फुटांचा, एफ/8 ला 9 फुटांचा, एफ/11 ला बारा-साडेबारा. एकच माणूस हवा असेल तर एफ/4, भाजीवाली आणि तिचं गिऱ्हाईक दोघं हवी असतील तर एफ/8. माझ्याकडची 200 ही निकॉनची जुनी मॅन्युअल एफ/4, अडॅप्टर लावून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवलेली, ऑटोफोकस नाही, पण त्याने अडत नाही. रस्त्यावरचा एक ठिपका धरायचा, गटारीवरची फरशी म्हणा, डांबराला पडलेला एखादा खड्डा म्हणा, त्याच्यावर फोकस लावून ठेवायचा आणि माणूस तिथं पोचेपर्यंत दम धरायचा. चालणाऱ्या माणसासाठी शटर 1/500 सेकंदाच्या खाली नेत नाही, सावलीच्या गल्लीत त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, 1600 किंवा 3200 करावा लागला तरी चालतो, ब्लॅक अँड व्हाइटमधे त्याचे दाणे डोळ्याला खुपत नाहीत. स्टॅबिलायझर हात थरथरला तर सांभाळून घेतो, समोरचा माणूस हलला तर त्याच्याकडे इलाज नाही, हे नवीन लोकांना सारखं सांगावं लागतं.

एक फोटो सांगतो म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल. सकाळची वेळ, ऊन छपरावरनं तिरकं खाली उतरून रस्त्याच्या एका अरुंद पट्ट्यावर पडलेलं, बाकी गल्ली सावलीत. त्या पट्ट्यात एक अक्का बसलेली, पुढं पोत्यावर मेथीच्या जुड्या. तिच्या आणि माझ्या मधे दोन गडी बोलत उभारलेले, त्यांच्या दोन खांद्यांमधे वीतभर फट. फटीतनं तिचा फक्त उजवा हात, तराजू धरलेला, आणि अर्धा चेहरा. हातात काचेच्या बांगड्या कोपराच्या अर्ध्यापर्यंत, तराजूची दांडी धरलेल्या तीन बोटांवर ताण, करंगळी सुटी, नखांत माती. डोळे काट्यावर. ऊन फक्त हातावर आणि बांगड्यांच्या कडांवर, प्रत्येक बांगडीवर एक बारीक पांढरी रेघ. पारड्यातली मेथी करडी, मागची दुकानं काळी, दोन खांदे पार काळे. रंगीत असता तर त्या फोटोत मागच्या दुकानाचा निळा ताडपत्रीचा तुकडा आणि एका गड्याचा पिवळा टी-शर्ट एवढंच दिसलं असतं. मी तिथंच तो फोटो मोनोक्रोमला बघितला आणि मला कळलं की हा राहणार.

त्याची 6 बाय 8 ची प्रिंट काढून तिला नेऊन दिली. तिने आधी पदराला हात पुसले, मग घेतली, मग जवळ धरली, लांब धरली, आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं काढलास आणि माझी नखं पण दिसालीत की रे!" मग शेजारणीला दाखवली. शेजारीण म्हणाली तोंड अर्धंच आलंय. तर अक्का म्हणाली, अर्धंच असूदे, हात माझाच आहे हे कोण पण सांगेल. मला आजवर कुठल्याही फोटोला मिळालेली ह्याहून चांगली दाद आठवत नाही.

आता ब्लॅक अँड व्हाइट कशाला, तर त्याचं एक कारण वर आलंच. फ्लेक्स, ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजारात रंग इतके भडक झालेत की माणसाचा चेहरा त्यात हरवतो, आणि टेलिफोटो हे सगळे रंग आणखी जवळ आणून एकमेकांवर चढवते. छोट्या लेन्सने आकाश, रस्ता, थोडी मोकळी जागा येते, डोळ्याला विसावा असतो. 200 च्या फ्रेममधे मोकळी जागाच नाही. तेव्हा रंग काढून टाकला की मग राहतं ते ऊन-सावली, आकार, हातांची ठेवण, माना कुठं वळल्यात ते.

दुसरं कारण इथल्या मातीचं. आमच्याकडं भगवा ठिकठिकाणी, चौकात, गल्लीच्या तोंडाला, मंडळाच्या फलकावर, आणि लाल-पिवळा कन्नड ध्वजही ठिकठिकाणी. ज्या गावाने 1956 पासून सीमावाद अंगावर घेतलाय तिथं रंगीत फोटोत आधी झेंडा दिसतो, मग माणूस, मग बघणारा फोटो बघतच नाही, बाजू बघतो. माझी बाजू काय ते मला माहीत आहे, मी मराठी शाळेत शिकलोय, मराठीतच लिहितोय. पण फोटोत मला आधी माणूस दिसायला हवा. ब्लॅक अँड व्हाइटमधे झेंडा हे वाऱ्यावर हललेलं कापड असतं, आणि त्याच्याखालनं चाललेला माणूस आपला वाटतो, तो कुठल्या भाषेत भाव करतोय ते नंतर.

ह्यात एक तांत्रिक गंमत आहे ती माहीत असावी. भगव्याचा करडा किती गडद येणार ते तुमच्या हातात असतं. फिल्मवर लाल फिल्टर लावला की भगवा जवळपास पांढरा पडतो, हिरवा लावला की गडद, निळा लावला की जवळपास काळा. डिजिटलमधे तेच काम रंगांचे चॅनेल वर-खाली करून होतं. चेहऱ्याचंही तेच. लाल वाढवलं की कातडी उजळ आणि गुळगुळीत दिसते, हिरवं वाढवलं की गडद होते आणि सुरकुत्या, उन्हाचे डाग, सगळं वर येतं. शेतातनं आलेल्या माणसाचा चेहरा लाल वाढवून गोरा करणं मला अजिबात पटत नाही, मी हिरव्याकडंच झुकतो. तो चेहरा उन्हात रापलाय तर तसाच दिसू दे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म वापरलेले जुने स्टुडिओवाले आजही कुठं भेटले तर ह्या करड्या छटांवर तास तास बोलतात, आणि ऐकण्यासारखं बोलतात.

पाट्यांचं तर वेगळं लिहावं लागेल. लांब लेन्सने गल्ली बघितली की पाट्या एकावर एक चढतात, पंचवीस दुकानांच्या पाट्या एका फ्रेममधे, कन्नड, मराठी, इंग्रजी, कुठं उर्दू. 2024 च्या कायद्याने पाटीवर 60 टक्के कन्नड आलं, तेव्हा दर्शनी भागात नव्या मोठ्या कन्नड अक्षरांच्या पाट्या लागल्या, पण त्यांच्या मधल्या फटींत, वरच्या मजल्याच्या भिंतीवर, बंद दुकानाच्या फळ्यांवर, पेंटरने हाताने रंगवलेली जुनी मराठी अक्षरं अजून आहेत. रस्त्यावरनं चालताना ती दिसत नाहीत, मान वर करून कोण बघतो. 300 ने ती दिसतात, ब्रशचे फराटे दिसतात, 'ळ' च्या गाठीत साचलेला रंग दिसतो, सावलीसाठी ओढलेली दुसरी रेघ दिसते. ती भिंत उद्या पाडली तर जाणार. म्हणून मी ती काढून ठेवतो, आणि शक्यतो त्यांच्या खालनं कोणी चालत असताना काढतो, नुसती भिंत काढली की ते संग्रहालय होतं.

हवेबद्दल थोडं. लांब लेन्स म्हणजे मधली हवा पण फोटोत येते. थंडीत सकाळी धुकं असताना मागचे थर एकेक करून फिकट होत जातात, पुढचा माणूस काळा, त्यामागचा करडा, त्यामागची भिंत नुसती छाया, ब्लॅक अँड व्हाइटला ह्याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि धुकं नसून हवा नुसती धूसर असेल तेव्हा निळा चॅनेल थोडा वाढवला की धूसरपणा आणखी भरतो, लाल वाढवला की कमी होतो. एप्रिल-मे मधे दुपारी मात्र 200-300 ने लांबचं काढायला जाऊ नका, तापलेल्या डांबरावरची हवा हलते आणि कितीही महाग लेन्स असली तरी लांबचं सगळं पाण्यातनं बघितल्यासारखं येतं. पावसाळा माझा आवडता. आमचा पाऊस एकदा लागला की दिवसच्या दिवस, सावली नाही, ऊन नाही, सगळीकडं सारखा मऊ उजेड, ओल्या रस्त्यावर आकाशाचं पांढरं पडलेलं आणि त्याच्यावर काळ्या छत्र्या. कपिलेश्वर उड्डाणपुलावरनं खाली बघितलं की छत्र्याच छत्र्या, 300 ला त्या एकमेकांना चिकटतात आणि मधेच एखादा प्लास्टिकची खोळ घेतलेला सायकलवाला. पावसाच्या धारा रेघांसारख्या हव्या असतील तर शटर 1/125 पर्यंत खाली आणायचं आणि मागं काहीतरी गडद धरायचं, नाहीतर त्या दिसतच नाहीत.

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक मी आता फक्त 135 ने काढतो. बेळगावची शिवजयंती तिथीप्रमाणे, वैशाखात, आणि चित्ररथांची मिरवणूक संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर चालते, सजीव देखावे, लेझीम, ढोल-ताशे, गर्दी अशी की हात वर करता येत नाही. त्या गर्दीत 28 ने सगळं येतं म्हणून काहीच येत नाही. 135 ने मी फक्त देखाव्यातली माणसं काढतो, तीही देखावा चालू नसताना. मावळा झालेला पोरगा ट्रॉलीवर बसून पाण्याची बाटली तोंडाला लावतोय, मिशी एका बाजूनं सुटलीय, मागं दुसऱ्या चित्ररथावरचा बुरूज इतका जवळ आलाय की तो खरंच त्याच्यावर पहाऱ्याला बसलाय असं वाटतं. पुठ्ठ्याचा बुरूज आहे हे रंगीत फोटोत लगेच कळतं, ब्लॅक अँड व्हाइटमधे तो दगडी होतो. एफ/2.8, आयएसओ 3200, 1/250, आणि हॅलोजनचा उजेड चेहऱ्यावर कडेनं येईपर्यंत थांबायचं.

आता ज्या आक्षेपाने सुरुवात केली त्याच्याकडं परत. लांब लेन्सने चोरून काढता येत नाही असं मी म्हणत नाही, येतं, आणि लोक काढतातही. पण चोरून काढायला लांब लेन्सच लागते असंही नाही. पॉल स्ट्रँडने 1916 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जवळनं माणसांचे चेहरे काढले ते कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स लावून, समोरच्याला वाटावं हा भलतीकडंच बघतोय. वॉकर इव्हान्सने भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा दडवून समोरच बसलेल्यांना काढलं. ते जवळ होते, आणि दडून होते. उलट फिलिप-लॉर्का डिकोर्सियाने 1999 ते 2001 मधे टाइम्स स्क्वेअरला वर मचाणाला फ्लॅश टांगून लांब लेन्सने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे काढले, त्यातल्या एका वयस्क ज्यू गृहस्थांनी आपला फोटो प्रदर्शनात विकला गेलेला कळल्यावर कोर्टात दावा लावला, धर्माचं कारण देऊन. 2006 मधे कोर्टाने दावा फेटाळला, कला म्हणून तो फोटो मान्य झाला. कायद्याने ते बरोबर असेल, तिथला कायदा तिथं. मला मात्र त्या गृहस्थांची बाजू विसरता येत नाही. त्यांना आधी कोणी दाखवलं असतं तर कदाचित गोष्ट कोर्टात गेलीच नसती असं मला वाटतं.

म्हणून माझे नियम आहेत ते मी कडक पाळतो. जो फोटो त्या माणसाला तिथल्या तिथं स्क्रीनवर दाखवायला मला जड जाईल तो मी ठेवत नाही. झोपलेला माणूस, भीक मागणारा, भांडणारे, नळावर पाणी भरणाऱ्या बायका, दवाखान्याच्या दारातले नातेवाईक, ह्यांच्यावर लेन्स रोखायची नाही. पोरांचे फोटो आई-बापाला विचारून. कॅम्पात फिरताना लेन्स पिशवीत, लष्करी हद्द आहे, तिथं 300 वर केली तर जवानाने हटकणं हे त्याचं कामच आहे. आणि नाही म्हटलं की नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने "लांबून काढलं तर कोणाला कळतंय" असं म्हटलं तेव्हा मी त्याला सोबत न्यायचं बंद केलं.

सगळीकडं 200 चालते असंही समजू नका. वडगावला विणकरांच्या गल्लीत गेलो की मागाचा खडखडाट घराबाहेरपर्यंत येतो, दार उघडं असतं, आत माणूस, माग आणि भिंत ह्यांच्यात हातभर जागा. तिथं मी 35 लावतो आणि आधी आत जाऊन बसतो, चहा होतो, मग कॅमेरा निघतो. खानापूरकडं कुंभार चाकावर बसलाय, तिथंही जवळच जावं लागतं, मातीत रुतलेली बोटं लांबून नुसती दिसतात, त्यांचा जोर कळत नाही. 200 ही रस्त्याची लेन्स आहे, थरांची लेन्स आहे, जिथं एकामागं एक माणसं आहेत तिथली.

नवीन कोणाला सुरू करायचं असेल तर महाग 70-200 एफ/2.8 च्या नादाला लागू नका, ती एक ते दीड किलोची, खांदा दुखला की माणूस लवकर घरी जातो आणि लांब लेन्सचा सगळा खेळ थांबण्याचा आहे. जुनी मॅन्युअल 135 एफ/2.8 सेकंडहँड बघा, काचेत बुरशी नाही एवढं उजेडात धरून तपासा, आमच्या पावसाळी हवेत ती लेन्सला हटकून धरते, घरी आणल्यावर सुक्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असेल तर पट्टा बदला. आणि पहिल्या दिवशी फोटो काढूच नका, नुसतं उभारा, चहा घ्या, कोण किती वाजता येतं, ऊन कुठल्या पायरीवर कधी पोचतं ते बघा.

रविवारी मी बहुतेक खासबागच्या बाजारात असतो, सकाळी, भाजीच्या रांगा जिथं सुरू होतात तिथं. कोणी बेळगावात असाल आणि 200 मधनं एकदा गल्ली कशी दिसते ते बघायचं असेल तर या, लेन्स हातात देतो. फक्त आल्यावर आधी अण्णांच्या गाड्यावर चहा घेऊ, त्यांना ओळख करून देतो, मग कॅमेरा काढू.